फुगा खाली पडू द्यायचा नाही

वन्सं रविवारी दुपारी दोनला म्हणजे दोनलाच यायच्या. खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत घरातल्यांना आनंदी करायचं सामान. थंडी सुरू झाल्यापासूनचा हा चौथा रविवार. आता जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी टेलरबाईंच्या कपाळाची शीर ताठ व्हायची.

वन्सं म्हणजे टेलरबाईंच्या नवऱ्याची मोठी बहीण. बालवाडीत सत्तावीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. टाळ्या वाजवून बरं होत नाही असं दुखणं जगात असतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. बस चालवणारा आपला भाऊ महिनाभर कुणाशी धड बोलत नाही, जेवणाला नावं ठेवतो, मुलींवर खेकसतो, हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी जागच्या जागी निदान केलं. हा सगळा या थंड मुलखातल्या हिवाळ्याचा दोष. चार वाजता अंधारून येतं, खिडक्या बंद, उन्हाचं तोंड दिसत नाही. माणूस कोमेजणार नाही तर काय. तेव्हा घरातल्या घरात सगळ्यांनी मिळून खेळायचं. पहिल्या रविवारी कागदाच्या टोप्या झाल्या. दुसऱ्या रविवारी खुर्च्या आणि चादरींचा तंबू झाला, आणि तंबूत सतरंजी म्हणून एका गिऱ्हाइकाचा इस्त्री केलेला कोट अंथरला गेला. तिसऱ्या रविवारी मुकाभिनय. नवऱ्याने झोपलेल्या माणसाचा अभिनय केला आणि खरोखरच झोपून गेला.

टेलरबाई घरीच कपड्यांची दुरुस्ती करायच्या. कमरेत घट्ट झालेल्या पँटी, फाटलेली अस्तरं, अडकलेल्या चेन. थंडीत कोटांचा ढीग पलंगाच्या उंचीला लागायचा, आणि तो उपसायला हक्काची म्हणावी अशी एक रविवारची दुपार होती, तीही गेली. बरं, एवढं करून नवऱ्याचं तोंड होतं तसंच. त्यामुळे त्यांचा राग दुहेरी होता. एक नणदेवर, आणि दुसरा नवऱ्यावर, जो बहिणीला एकदाही नको म्हणत नव्हता आणि बायकोला दिवसातून दहा वेळा म्हणत होता.

त्या दिवशी पिशवीतून पिवळा फुगा निघाला. वन्संनी फुगवला, दोऱ्याने बांधला आणि पाच खुर्च्या गोल मांडायला लावल्या. नियम सोपा. फुगा हाताने टोलवत राहायचा, खाली पडू द्यायचा नाही. ज्याच्याजवळ पडेल त्याने शेजारच्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. नवऱ्याच्या डाव्या हाताला कॉलेजात जाणारी थोरली, उजव्या हाताला नऊ वर्षांची धाकटी, समोर टेलरबाई. मांडीवरचं अस्तर त्यांनी सोडलं नव्हतं. टोलवायला एक हात पुरे.

पहिल्यांदा फुगा पडला तो नवऱ्याजवळ. धाकटी खिदळली. नवऱ्याने थोरलीकडे मान वळवून, हिचं अक्षर बरं आहे, असं कसंबसं सांगितलं. दुसऱ्यांदाही त्याच्याच जवळ. तिसऱ्यांदा थोरलीने अगदी अलगद, हातात द्यावा तसा फुगा त्याच्याकडे सोडला, तरी तो पायाशी येऊन पडला. थोरलीचा पारा चढला. खेळायचं नसेल तर सरळ सांगा, ती म्हणाली, रोज तोंड पाडून बसता आणि वर आमचीच थट्टा करता. नवरा तिच्यावर ओरडला. वन्संनी टाळी वाजवून, रागाला खिडकीबाहेर टाकू या, असं काहीतरी सुरू केलं.

टेलरबाई मात्र सुई हातात धरून नवऱ्याकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा फुगा नवऱ्याच्या डाव्या कानाला घासून गेला होता, आणि कानाला लागला तेव्हा तो दचकला होता. माणूस मुद्दाम फुगा सोडू शकतो. मुद्दाम असा दचकू शकत नाही.

आणि त्यांना तो कोट आठवला. तीन आठवड्यांपूर्वी नवरा म्हणाला होता, गणवेशाच्या कोटाची कॉलर टोचते. त्यांनी पाहिलं तर कॉलर फक्त डावीकडे, हनुवटी घासून घासून झिजली होती. शिवणाऱ्याने बेतताना चूक केली, असं म्हणत त्यांनी ती उसवली, डावी बाजू अर्धा इंच खाली घेतली, आणि कोट अंगावर चपखल बसला तेव्हा स्वतःवर खूशही झाल्या. वीस वर्षं लोकांचे खांदे आणि माना बघून पोट भरणारी बाई. तिने कॉलर वाकडी करून दिली आणि मान वाकडी का झाली ते विचारलं नाही.

त्या उठल्या, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला.

"किती बोटं आहेत?"

"हा काय पोरखेळ लावलाय."

"तोच तर लावलाय सगळ्यांनी. सांगा, किती बोटं?"

त्याने हात झटकला. पण झटकण्याआधी तो क्षणभर थांबला होता, आणि ते थांबणं घरात सगळ्यांनी पाहिलं.

मग तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. दोन महिने झाले. आधी कडेने पडदा ओढल्यासारखं, आता त्या डोळ्याने नुसता उजेड. डेपोत तपासणी झाली होती, पण तिथला अक्षरांचा तक्ता तो नोकरीला लागला तेव्हापासून तोच. सगळ्या ओळी पाठ. उजवा डोळा झाकायला सांगितला तेव्हा त्याने घडाघडा म्हणून दाखवल्या. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडी ऐट आली, आणि तिथेच टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवसाला सहा फेऱ्या, त्या म्हणाल्या. एका फेरीला पन्नास माणसं धरा. आणि यांना पाठांतराचं कौतुक. महिनाभर आम्ही कागदाच्या टोप्या घालून बसलो, पोरी घाबरून चवड्यांवर चालल्या, मी स्वयंपाकात मीठ कमी का जास्त ते दहादा चाखलं, आणि इथे खुर्चीत बसून हे आम्हालाच डाफरत होते. वन्सं म्हणाल्या, अगं, मुलींसमोर तरी नको. टेलरबाईंनी त्यांच्याकडे वळूनही न पाहता त्यांना गप्प बसायला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. वन्सं गप्प बसल्या.

थोरलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती रोज बापाच्याच गाडीने जायची, त्याच्या मागच्याच सीटवर बसून.

"बाबा, बेकरीच्या वळणावर तो सायकलवाला," ती म्हणाली. "डावीकडून आला होता तो. आपण दोघांनी त्याला शिव्या दिल्या."

बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, एवढंच नवरा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कळलं तर गेटवर बसवतील. बाकीचे गाड्या नेणार आणि आपण वहीत त्यांचे नंबर लिहिणार.

"लिहा की मग," टेलरबाई म्हणाल्या. "उद्या पाच-चाळीसची गाडी तुम्ही काढायची नाही. तुम्ही फोन करताय का मी करू?"

"तू यात पडू नकोस."

त्यांनी फोन त्याच्या मांडीवर ठेवला आणि समोरून हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने त्याने नंबर लावला. पलीकडे ड्यूटी लावणारा कारकून होता, त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. उद्या यायला जमणार नाही म्हणताच तो हसला. सर्दी ना, म्हणाला, अर्धा डेपो आडवा झालाय. घ्या दोन दिवस, बुधवारी या ताजेतवाने होऊन. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. दोन दिवसांची वाट मोकळी होती, आणि बुधवारी पुन्हा गाडी. टेलरबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. बोलायचं ते त्यानेच बोलायला हवं होतं.

"सर्दी नाही," तो म्हणाला. "डोळा."

कारकुनाने फोन दुसऱ्याला दिला. दुसऱ्याला पहिल्यापासून सांगावं लागलं, त्याने तिसऱ्याला दिला. तिसऱ्याने विचारलं, कोणता डोळा. "डावा. अहो, डावा," नवरा ओरडला. "दिसत नाही मला. तपासणीत मी फसवलं तुम्हाला. अजून कसं सांगू?"

पलीकडून, उद्या नऊला डॉक्टरांकडे हजर राहा, असा कोरडा हुकूम आला. टेलरबाईंचा राग तसूभर उतरला नव्हता. दोन महिन्यांचा हिशोब त्या नंतर सावकाश घेणार होत्या. त्यांना वाटलं, आता तो फोन आपटणार. पण त्याने तो कानाशी अधिकच दाबून धरला.

"पाच-चाळीस कुणाला देताय?" त्याने रागानेच विचारलं. नाव ऐकून तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. पोरगेला ड्रायव्हर, पळवायची हौस असलेला.

"त्याला सांगा," तो म्हणाला, "बेकरीच्या वळणावर हळू घे म्हणावं. तिथे डावीकडून सायकली येतात."