नऊ थरांचा तळ

आमच्या बोटींच्या कारखान्यात ताकदीचा अंदाज मी काढायचे. काचेच्या कापडाचे थर रेझिनच्या चिकट रसात भिजवून साच्यात एकावर एक बसवायचे. सुकले की मी जाडी मोजायचे आणि तळ लाटांचा किती मार सोसेल ते वहीत मांडायचे. यजमान आराखडा काढत, दीर थर बसवत. तिघांत भागत असे.

त्या दिवशी सकाळीच यजमान नवी बोट चाचणीला घेऊन गेले. पाण्याच्या नळीसाठी तळाला भोक पाडलं होतं, त्याची गोल चकती माझ्या टेबलावर होती. तपासनिसाला काचेचं वजन कळवायचं होतं, म्हणून मी ती लोखंडी तव्यात जाळली. रेझिन जळून गेलं, पांढरं कापड उरलं. चिमट्याने एकेक थर सोडवला. सहा. पुन्हा मोजले. सहाच. वहीत नऊ.

"भाऊजी, कापड कुठं गेलं?"

"संपलं होतं हो वहिनी. मग रेझिन सढळ हाताने ओतलं. जाडी बरोबर भरली ना? अगदी दगड झालाय दगड!"

"अहो, ताकद कापडाची असते! नुसता दगड झालाय म्हणूनच तडकेल!"

त्यांचा चेहरा उतरला. आम्ही धक्क्याकडे धावत सुटलो.

बोट दूरवर होती, भरधाव. नाक वर उचललं जाई, खाली आदळे, आणि आवाज मागाहून आमच्यापर्यंत येई. धप्प. आम्ही दोघं हात हलवून ओरडलो. यजमानांनीही हात हलवला. आम्ही कौतुक करतोय असं वाटलं त्यांना. त्यांनी वेग आणखी वाढवला.

"आता काय करायचं, वहिनी?"

मला पोहता येत नव्हतं, हे यजमानांना पक्कं ठाऊक. मी पायऱ्या उतरले. गुडघे, कंबर, मग छाती. गार पाण्याने श्वास अडकला. पायाखालची पायरी शेवाळलेली होती. दीर मागून ओरडत होते.

इंजिनाचा आवाज एकदम पडला. बोट हळूहळू वळली.

"डोकं फिरलंय का तुझं?" जवळ येताच यजमान कडाडले.

"आधी फळी उचला. खालची."

पुटपुटतच त्यांनी मला बोटीत ओढून घेतलं आणि ती उचलली. तळभर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. एका रेघेतून पाण्याचे थेंब वर येत होते. मी ओल्या अंगाने वाकून अंगठा दाबला. तळ आत गेला, पुन्हा वर आला.

यजमानांनीही तिथे अंगठा दाबून पाहिला. दीर धक्क्यावरच उभे, मान खाली. त्यांना मी शब्दानेही बोलले नाही. थर बसवताना समोर उभं राहून मोजायला मला कोणी अडवलं होतं?