टाकीवरचा लाल बोर्ड

मित्रांनो, या, टेका जरा. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. पेंटरनं माझ्यावर लालभडक इंग्रजी शब्द काढला, 'डेंजर', आणि मला कापड रंगवायच्या कारखान्यात, सांडपाण्याच्या टाकीवर ठोकलं. त्या टाकीत गाळ कुजून वायू साठतो. दिसत काही नाही, माणूस मात्र आडवा होतो.

गाळ काढायला दाजी आणि त्यांचा मेहुणा यायचे. मी समोर असलो की आधी पंख्यानं आत हवा सोडायची, मग दाजींच्या कमरेला दोर आणि टोक मेहुण्याच्या हातात.

"नीट धर रे, सासऱ्यानं गळ्यात मारलेलं लोढणं तू!"

"गप उतरा दाजी, नाहीतर सिगरेटीचं ताईला सांगेन."

पुढं मोठे पाहुणे येणार म्हणून मॅनेजर फिरत आला. मला बघून त्याचं तोंड वाकडं झालं. "घाबरतील ना लोक! 'कॉशन'चा पिवळा लावा. अर्थ एकच."

एकच? अहो, कॉशन म्हणजे जा, पण जपून. ओल्या फरशीवर तो शोभतो. डेंजर म्हणजे तयारी नसेल तर पाऊलच टाकू नको. दिसायला भाऊभाऊ, पण एक वाट देतो, दुसरा अडवतो.

मला उपटून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्यामुळं पुढचं मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

"दाजी, बोर्ड बदलला की. काय म्हणतोय?"

"साहेब म्हणाले, सांभाळून. म्हणजे आता तेवढं जोखमीचं नसेल."

"दोर आणतो थांबा."

"राहू दे रे, पाहुणे दारात आलेत. सांभाळूनच उतरतो की."

शिडी वाजली. मग बादली पडली.

"दाजी? ओ दाजी!"

मेहुण्याची पावलं शिडीकडे धावली. "धरा, धरा त्याला!" बाकीचे ओरडले. "सोडा मला! ताईला काय तोंड दाखवू?" तो ओरडत राहिला. खालून काही ओ आली नाही.

दुसऱ्या दिवशी मला पुसून परत टाकीवर लावलं. बोर्ड किती गरजेचा असतो, म्हणून मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला. मेहुणा मागं उभा होता, मान खाली घालून.

मित्रांनो, एवढंच मागणं. जिथं जीव जातो तिथं मऊ शब्द चालवून घेऊ नका. आणि मला काढायला कुणी आला, तर त्याचा हात धरा आणि विचारा, आज खाली कोण उतरणार आहे?