काउंटरवरच्या अक्षता

बैहरच्या पुढे घाट चढून गेलं की एक गाव लागतं. तिथे दिवसातून एकदाच बस येते आणि मुक्कामाला हॉटेलही एकच आहे. हॉटेल म्हणजे शेणाने सारवलेल्या चार खोल्या, वर कवेलूंचं छप्पर आणि पडवीत एक लाकडी काउंटर. वनखात्यातून रिटायर झाल्यावर भोजराजने ते बांधलं. जंगल बघायला आलेले लोक तिथे उतरतात, मातीच्या भिंतींचं तोंडभर कौतुक करतात आणि सकाळी गरम पाण्याची बादली लवकर मिळाली नाही की तोंड वाकडं करतात. मार्गशीर्षातल्या त्या दुपारी मात्र बसमधून एकटी पुष्पलता उतरली. वारासिवनीहून निघालेली, स्वेटरवर शाल, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. भोजराजची ती धाकटी सख्खी बहीण. चार वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

डब्यात लग्नाच्या अक्षता होत्या. तिच्या मुलीचं, श्रियाचं, लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. मंगलाष्टकं म्हणताना नवरा-नवरीच्या मागे आपापला मामा उभा राहतो, आणि श्रियाला मामा एकच. तिने आईला साफ बजावलं होतं, "मामा आले तर ठीक, नाही तर माह्या मागं कोणीच उभं राहू नोको. किराये का मामा मले चालणार नाही." पोरगी आईच्याच वळणावर गेलेली, तेव्हा तिची समजूत घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुष्पलताने घरातली कामं नवऱ्याच्या गळ्यात टाकली आणि सकाळची बस धरली.

काउंटरमागे भोजराज रजिस्टर उघडून बसला होता. त्याने मान वर केली, बहिणीला पाहिलं आणि चष्मा नाकावर सरकवून पेन उचललं.

"नाव?"

"दादा, श्रियाच्या लग्नाच्या अक्षता घेऊन आली मी."

"खोली पाहिजे का, मॅडम? आधार कार्ड लागते."

पुष्पलताने डबा काउंटरवर ठेवला, झाकण काढलं आणि मूठभर अक्षता पुढे केल्या. भोजराजने दोन्ही हात पाठीमागे बांधले. अक्षता हातात घेतल्याशिवाय आमंत्रण पोहोचत नाही, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती मूठ तशीच हवेत राहिली.

"पाहिजे," पुष्पलता म्हणाली. "तुम्ही हात पुढं करान तोवर खोली पाहिजे."

"जेवण सात वाजता," भोजराज म्हणाला आणि त्याने किल्ली सरकवली.

आता चार वर्षांपूर्वी काय झालं, तेही सांगून टाकू. पुष्पलताच्या मुलाचं, अनिशचं, लग्न होतं. घरात हीऽ गडबड, आणि वर घाटात जायचं म्हणजे दोन दिवस मोडणार. या बसचा कंडक्टर ओळखीचा निघाला. तिने भावासाठी टमाटरची एक टोपली दिली, वर पत्रिका खोचली आणि फोन करून सांगितलं, "दादा, बसमधून पत्रिका पाठवली, घेऊन घ्या." आपण फार शहाणपणाचं काम केलं असं तिला वाटलं. भोजराज लग्नाला आला नाही. "फोन करूनही भाव खाते," म्हणून तीही फुगून बसली. दोघं एकाच आईची लेकरं, मागे हटायला एकही तयार नाही.

पहिल्या रात्री जेवण वाढायला भोजराज स्वतः आला. भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. ताटाच्या कडेला भाताची करपलेली, खमंग खरवड. लहानपणी याच खरवडीवरून दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या.

"हे साऱ्याच गिऱ्हाइकांना देता का?" तिने विचारलं.

"जो मागन त्याले देतो."

"मी तं मागितली नव्हती."

भोजराज पाण्याचा तांब्या ठेवून निघून गेला. पुष्पलताला हसू आलं. तिने खरवड शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने तीनदा अक्षता पुढे केल्या. सकाळी चहा आणला तेव्हा, दुपारी तो रजिस्टर लिहीत होता तेव्हा आणि संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना. तीनही वेळा त्याचे हात पाठीमागे गेले. "मॅडम, आणखी काही पाहिजे?" एवढंच तो म्हणे. इतका अदबशीर नकार तिने जन्मात पाहिला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं, निदान भाऊ बोलला असं तरी झालं असतं.

गावाबाहेरच्या खडकावर चढलं की मोबाइलला नेटवर्क येई. तिथून तिने नवऱ्याला, गुणाकरला, फोन लावला.

"अवं, मंडपवाला विचारून राह्यला, वाजंत्रीवाला विचारून राह्यला," गुणाकर काकुळतीला आला होता. "मी कोणाकोणाले सांगू? भोजराजभाऊ येत नसन तं सोडून दे. माहा मावसभाऊ दुलीचंद आहे ना, अनिशच्या वेळी मामा म्हणून उभा राह्यलाच होता."

"मागच्या वेळचंच तं निस्तरून राह्यली मी," पुष्पलता म्हणाली. "दादाले घेतल्याशिवाय मी येत नाही. तुमाले जमन तसं पाहा."

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उन्हाला बसली असताना तिची वहिनी, मंजू, ओले कपडे वाळत घालायला आली. दोन दिवस ती नणंदेच्या नजरेला नजर देत नव्हती. नवऱ्याच्या आणि नणंदेच्या भांडणात पडण्याइतकी ती भोळी नव्हती. पण आता तिलाही राहवेना.

"बाई, एक विचारू? तुम्ही कुठी उतरल्या?"

"असं काय विचारता, वहिनी? हॉटेलात."

"मंग तुमाले हॉटेलवालाच भेटला," मंजूने लुगडं झटकत म्हटलं. "भावाचं घर मागं आहे. टमाटरची टोपली आली तेही याच काउंटरवर. दुकानात कोणी आवतन देते का, बाई?"

पुष्पलताला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. भावाने हे घर बांधून सात वर्षं झाली होती, आणि तिने त्याचा उंबरठा अजून पाहिला नव्हता. मागे कंडक्टरच्या हातून काउंटरवर, आता स्वतःच्या हाताने, पण पुन्हा काउंटरवरच. घाट चढून येऊनही तिने तीच चूक केली होती. आपण एवढ्या अडाणी कशा, याची तिला मनापासून लाज वाटली.

ती उठली. खोलीत जाऊन तिने तोंड धुतलं, नीट पदर घेतला, डबा उचलला आणि हॉटेलला वळसा घालून मागे गेली. वीस पावलंसुद्धा नव्हती. दोन खोल्यांचं लहानसं घर, दारासमोर तुळस. भोजराज नुकताच आंघोळ करून अंगात सदरा घालत होता. ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि हाक मारली,

"दादा, आहे का घरी?"

तो दारात आला. इथे रजिस्टर नव्हतं, पेन नव्हतं, आणि मॅडम म्हणायची सोयही नव्हती.

"चुकली मी," पुष्पलता म्हणाली. "तेव्हाही चुकली आन या तीन दिवसांतही. भावाच्या दारात याले पाहिजे होतं, ते कंडक्टरले धाडलं."

"तुहा फोन आला तरी मले वाटे, पुष्पा सोता येईन," भोजराज म्हणाला. "लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत बस पाह्यली मी. नवीन धोतर घेतलं होतं. गावाले सांगून बसलो होतो का भाच्याच्या लग्नाले चाललो म्हणून."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलं नाही.

"एक सांग," तो म्हणाला. "अनिशच्या मागं माह्या जागी कोण उभं होतं?"

जागा रिकामी ठेवली होती, असं म्हणता आलं असतं. घाटाखालची गोष्ट, घाटावर कोण तपासायला जाणार? आणि तेवढ्याने भाऊ पाघळलाही असता. पण इतकं करून खोट्यावर नेलेला मामा श्रियाच्या मागे उभा करायचा नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"दुलीचंद," ती म्हणाली. "यायचा मावसभाऊ. मीच उभं केलं त्याले. तुमच्यावर राग होता मले."

भोजराजने ओठ आवळले. तो मागे वळला, तेव्हा पुष्पलताला वाटलं, झालं, दार लागलं आता. त्याने खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर नीट बसवली आणि परत उंबऱ्यापाशी आला.

"त्या दुलीचंदले सांगजो," तो म्हणाला, "या वेळी पंगतीत बस म्हणा. उभं राहाले नवरीचा मामा आहे."

आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ बहिणीसमोर धरली.