उजव्या फिरकीचा पंप

मिस्त्रीच्या हाताबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार असायची ती तोंडाबद्दल. ट्रॅक्टर वर्कशॉपच्या फाटकातून आत आला की मिस्त्री त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, आधी कुणी हात लावला असेल त्याला चार शिव्या हासडायचा आणि मगच पाना उचलायचा. गिऱ्हाइकं त्या शिव्या निमूट ऐकून घेत, कारण या माणसाने एकदा काम केलं की त्या कामाकडे पुन्हा बघावं लागत नसे.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक काचेची खोली होती. त्यात एक टेबल, एक फोन, भिंतीला टांगलेले फॅनबेल्ट आणि खुर्चीवर मिस्त्रीची बायको. सुटे भाग मागवणं हे तिचं खातं. कुठल्या गाडीला कुठलं बेअरिंग, एखादं सील मिळत नसेल तर त्याऐवजी कुठलं चालेल, हे सगळं तिच्या डोक्यात. शहरातला पार्टवाला फोनवर तिच्याशी जितक्या अदबीने बोलायचा तितका मिस्त्रीशी कधी बोलला नाही. मिस्त्रीला बायकोचा अभिमान होता. तो त्याने तिला कधी बोलून दाखवला नाही ही गोष्ट वेगळी. एवढं तोंड चालणाऱ्या माणसाचं तोंड नेमकं तिथेच बंद पडायचं.

एक दिवस अध्यक्षांचा ट्रॅक्टर आला. अध्यक्ष म्हणजे आसपासच्या गोठेवाल्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते इतकी वर्षं त्या खुर्चीत बसले होते की सख्ख्या बहिणीही त्यांना अध्यक्षच म्हणत. ट्रॅक्टर त्यांच्या थोरल्या मुलाच्या वयाचा, आणि अध्यक्षांच्या मते त्याच्यापेक्षा जास्त कामाचा.

"मिस्त्री, याला पुढे लोडर बसवायचाय," अध्यक्ष म्हणाले. "शेण भरून भरून गड्यांच्या कमरा मोडल्या. पण मागच्या लिफ्टचा पंप म्हातारा झालाय, त्याच्या तेलावर लोडर उचलेल असं वाटत नाही."

"तो पंप सोडाच. पुढे वेगळा बसवू." मिस्त्री उकिडवा बसला आणि ट्रॅक्टरच्या नाकाखालच्या भोकात त्याने बोट घातलं. पूर्वी इथूनच हँडल घालून इंजिन सुरू करत. "या भोकातून शाफ्ट आत घालायचा, तो क्रँकच्या पुलीला जोडायचा, आणि इथे पुढे ब्रॅकेटवर पंप. इंजिन फिरलं की पंप फिरला. तुमचा म्हातारा हत्तीसारखा उचलेल."

अध्यक्ष खूश झाले. जाता जाता काचेच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, सोसायटी सुट्या भागांचं स्टोअर काढतेय. सभासदांचे सगळे ट्रॅक्टर, सगळी यंत्रं. ते तुम्ही चालवावं असं माझ्या मनात आहे. ट्रायलच्या दिवशी सभासद येतीलच बघायला, तेव्हाच ठरवून टाकू."

"बघू," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती टेबल पुसताना गुणगुणायला लागली. जेवताना मधेच म्हणाली, "तिथे किल्ली माझ्याकडे असेल. इथे मी तुमची बायको म्हणून बसते. तिथे माझं काम म्हणून बसेन." मिस्त्री म्हणाला, "मग! तुझ्याशिवाय आहे कोण?" आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

पंप मागवायच्या वेळी मिस्त्री ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपून ब्रॅकेटची भोकं जुळवत होता. बायकोने फोन कानाला धरूनच दारातून विचारलं, "अहो, पंप उजव्या फिरकीचा की डाव्या?"

"उजव्या."

"ते विचारतायत, कुठून बघून?"

"समोरून बघून! हँडल कुठल्या बाजूला फिरवायचे? उजव्याच ना? शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"तसं नाही हो. ते म्हणतायत, पंपाच्या शाफ्टकडून बघून सांगा. एकदा उठून बघता का?"

नट गळून मिस्त्रीच्या कपाळावर पडला होता. तो खालूनच ओरडला, "मिस्त्री कोण, तू का मी? उजवा सांग आणि ठेव तो फोन!"

तिने उजवा सांगितला आणि फोन ठेवला.

काम मात्र त्याने देखणं केलं. पुलीवर पट्टी बसवली, शाफ्ट इतका सरळ जोडला की हाताने फिरवला तर कुठे अडकणं नाही की हेलकावा नाही. तेलाची टाकी, जाड नळी, बारीक नळी, लिव्हर, सगळं जिथल्या तिथे. ट्रायलला सोसायटीचे सभासद जमले. अध्यक्ष ठेवणीतला पांढरा शर्ट घालून आले. बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि कडेला उभी राहिली. तिनेही त्या दिवशी बरी साडी नेसली होती, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं होतं.

इंजिन सुरू झालं. मिस्त्रीने लिव्हर ओढला. लोडर ढिम्म हलला नाही. पंप नुसता किंचाळायला लागला. सभासदांपैकी एकजण खाकरला. मिस्त्रीने शांतपणे इंजिन बंद करून विचार करायला हवा होता. पण दहा माणसं बघत असताना शांतपणे विचार करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "नळ्या उलट्या जोडल्या गेल्यात, बाकी काही नाही," असं म्हणत त्याने दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा इंजिन चालू केलं.

लोडर उठला! कमरेएवढा उठला, टाळ्याही वाजल्या. आणि टाळ्या वाजत असतानाच फट्ट झालं. पंपाचं सील उडालं, फिरत्या शाफ्टवरून तेलाचा फवारा निघाला तो बाजूला उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या शर्टावर आडवा उमटला. लोडर धाडकन खाली आला.

मिस्त्रीने धावत जाऊन इंजिन बंद केलं आणि पंपापाशी गुडघे टेकले. पंपाच्या अंगावर एक बाण कोरलेला होता. तो त्याने आता पहिल्यांदा नीट पाहिला. इंजिन आणि पंप एकमेकांकडे तोंड करून उभे होते, समोरासमोर उभ्या दोन माणसांसारखे. एकाचा उजवा हात तो दुसऱ्याच्या डाव्या बाजूला. ती उठून बघायला सांगत होती ते एवढंच. पंप उलटा फिरत होता, आणि नळ्या बदलून त्याने स्वतःच्या हाताने सगळा दाब नको त्या बाजूला नेला होता.

"काय झालं, मिस्त्री?" अध्यक्ष शर्ट झटकत म्हणाले.

मिस्त्रीने वर पाहिलं. सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली. आणि त्याच्या तोंडून गेलं, "मी डावा सांगितला होता. हिने उजवा मागवला."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं तिने. तिने ट्रेमधला एक पेला सरळ केला आणि म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली असेल."

"चालायचंच, वहिनी," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "तरी म्हटलं, मिस्त्रीचा हात असा कसा चुकला." सगळे हसले, चहा प्यायले. अध्यक्षांनी पेला खाली ठेवताना तिच्याकडे न बघता म्हटलं, "ते स्टोअरचं जरा थांबू या. तूर्त माझा पुतण्या बसेल." ती "बरं" म्हणाली आणि रिकामे पेले गोळा करायला लागली. मिस्त्रीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. जमिनीवर तेल सांडलं होतं. तो ते पुसत बसला.

रात्री जेवणाच्या ताटावर त्याला राहवलं नाही. "तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? चार माणसांत तुम्हाला खोटं पाडू? तुमचं नाव गेलं तर वर्कशॉप गेलं."

"मी सांगतो अध्यक्षांना. खरं काय ते सांगतो."

"सांगा," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी तो जाणार होता. पण दुसऱ्या दिवशी एक गिअरबॉक्स उघडून पडला होता. नंतर त्याने ठरवलं की नवा पंप येऊ दे, रिकाम्या हाताने काय जायचं. तसं बघितलं तर अध्यक्षांचा गोठा सायकलवरून दहा मिनिटांवर होता. मिस्त्री चक्क शेपूट घालून बसला होता, आणि ते त्याचं त्याला कळत होतं, म्हणून तो कामावर येणाऱ्या प्रत्येकावर खेकसत होता. काचेच्या खोलीत ती पूर्वीसारखीच बसायची, फोन घ्यायची. फक्त गुणगुणणं थांबलं होतं. सोसायटीच्या स्टोअरला रंग लागला, पाटी लागली, आणि पुतण्या रुबाबात खुर्चीवर बसून चुकीचे फिल्टर विकायला लागला. शेवटी मिस्त्रीला ते बघवेना, आणि एका सकाळी तो गोठ्यावर गेला.

अध्यक्ष म्हशीला चारा घालत होते. मिस्त्री उभ्या उभ्याच म्हणाला, "अध्यक्ष, त्या पंपाची चूक माझी होती. उजवा मीच सांगितला. ती विचारत होती, उठून बघा म्हणत होती, मीच तिच्यावर ओरडलो. आणि वर तुमच्यासमोर खोटं बोललो."

अध्यक्षांनी हातातला चारा खाली ठेवला. मग पुढे येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, तुला मी नुसता तोंडाळ समजत होतो. बायकोची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला इथवर आलास! आमच्या घरी उलटं आहे, माझ्या चुकाही मी बायकोच्याच नावावर टाकतो." आणि ते खदखदून हसले.

"नाही, अध्यक्ष, खरंच—"

"पुरे रे. कळलं मला. नवरा असावा तर असा."

मिस्त्रीने आणखी एकदा तोंड उघडलं. पण खांद्यावरचा तो हात उबदार होता, आणि आयुष्यात कुणी त्याला मनाचा मोठा म्हटलं नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं. मग तो मिटलेल्या तोंडानेच सायकलवर बसला. आपण तर सांगितलं, असं त्याने वाटेत स्वतःला दोनतीनदा बजावलं, आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःची जास्तच किळस आली. पुतण्या बसलेल्या स्टोअरवरून जाताना त्याने मान दुसरीकडे वळवली.

डाव्या फिरकीचा पंप आला, बसला. ट्रायलला तीच माणसं जमली. लोडर शेणाने भरलेला हौदा घेऊन डोक्याच्या वर गेला, तिथे थांबला, अलगद खाली आला. पंपाखाली तेलाचा एक थेंब नव्हता. टाळ्या पडल्या तेव्हा अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"यंत्राला टाळ्या झाल्या. आता माणसाला वाजवा. हा मिस्त्री माझ्या गोठ्यावर येऊन मला म्हणाला, चूक बायकोची नाही, माझी आहे! वहिनी, तुमची चूक झाकायला आला होता हो. नशीब काढलंत."

या वेळी टाळ्या लोडरपेक्षा जोरात पडल्या. बायको दारात उभी होती, हातात तोच ट्रे. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याने सहन केलं असतं. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाचं काम काय आहे याचा अंदाज घ्यावा तसं तिने पाहिलं. मिस्त्री म्हणू शकत होता, थांबा, हे खोटं आहे. दहा माणसं होती, दिवसाउजेडी, आवाज त्याचा गावाला ऐकू जाईल असा. त्याने हातातला पाना फडक्याने पुसला, आणि पुसतच राहिला.

माणसं पांगली. अध्यक्ष स्वतः ट्रॅक्टर चालवत, लोडर उगाच वर-खाली करत घरी गेले. ऊन उतरलं होतं. मिस्त्री काचेच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मी त्यांना खरंच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं नाही."

"माहीत आहे."

"उद्या सोसायटीत जातो. सगळ्यांना बसवून सांगतो. पुतण्याला उठवायला लावतो."

ती फॅनबेल्ट खिळ्याला टांगत होती. टांगून झाल्यावर म्हणाली, "राहू द्या. आता सांगितलंत तर अजूनच चांगले दिसाल तुम्ही."

मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, नेहमीच्या अदबीने चार शब्द बोलली. पार्टवाला होता. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तसाच पुढचा पंप बसवायला सांगितला होता, त्याची ऑर्डर. तिने ऐकून घेतलं आणि फोन मिस्त्रीपुढे धरला.

"उजवा की डावा, विचारतायत. आणि कुठून बघून."

"डावा," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला. "पंपाच्या शाफ्टकडून बघून. तूच सांग ना. तूच सांगतेस नेहमी."

तिने हात मागे घेतला नाही.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना सांगा."

मिस्त्रीने दोन्ही हात पँटला पुसले आणि फोन घेतला. ती ट्रे उचलून पेले धुवायला बाहेरच्या नळावर गेली.