हिपोड्रोमचा पाणघोडा

मी दोन दिवस माहेरी काय गेले, आमच्या भाऊजींनी शर्यतीच्या मैदानाच्या फाटकावर पाणघोडा रंगवून ठेवला.

मैदानाचं नाव हिपोड्रोम. तिथले मॅनेजर म्हणाले होते, नावाला शोभेल असं जनावर काढा. आता हिपो म्हटल्यावर भाऊजी दुसरीकडे कुठं जाणार? बोर्ड रंगवण्याचं दुकान आमचं दोघांचं. अक्षरं माझी, चित्रं त्यांची. पण हल्ली ज्याला त्याला छापील फ्लेक्स हवा, चित्राला कुणी विचारत नाही. "हा बोर्ड नापसंत झाला तर ब्रश सोडतो आणि गोदामात नोकरी धरतो," असं त्यांनी मला बजावलं होतं. हा माणूस बोलला की करतो, एवढा हेकट.

मी परतून फाटकापाशी पोचते तोच मॅनेजर आले आणि बघतच राहिले. "अहो, हिपो म्हणजे जुन्या ग्रीक भाषेत घोडा. ड्रोम म्हणजे धावायची वाट. घोडे धावतात ती जागा."

"मग या धुडाला हिपो का म्हणतात?" मी विचारलं. चूक आमची होती, पण म्हणून काय गप्प बसायचं?

"त्या लोकांनी त्याला नदीतला घोडा म्हटलं, म्हणून."

"आपणही पाणघोडाच म्हणतो की. म्हणजे घोडा आहेच. जरा ओला आहे, इतकंच."

त्यांनी हसू दाबलं. "बाई, उद्या शर्यत आहे. पुसा ते."

भाऊजी फडकं घेऊन शिडीवर चढले. म्हणजे आता गोदामातली नोकरी पक्की.

तेवढ्यात ट्रेनर सरावासाठी घोडी घेऊन आला. घोडीनं वर पाहिलं, कान मागे टाकले आणि अशी बुजली की त्याला आवरेना. चुचकारून झालं, दटावून झालं. ही बया फाटकातून आत जायला तयार नाही.

"बोर्डाला बुजली?" मॅनेजरांनी विचारलं.

"बोर्डाला कशाला बुजेल? रोज रस्त्याने बोर्डच बघते," ट्रेनर वैतागून म्हणाला. "तिला ते खरं वाटलंय."

मॅनेजरांनी एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मग म्हणाले, "घोडा काढा. पण असाच. आणि आतल्या भिंतीही तुम्हीच रंगवा."

"तो पण खरा वाटला तर?" भाऊजींनी शिडीवरून विचारलं.

"तर घोडी त्याच्या प्रेमात पडेल," ट्रेनर म्हणाला.

कितीतरी महिन्यांनी भाऊजी खदखदून हसले, आणि मला मात्र रडू आलं.