पाव किलो बडीशेप

मी लेखिका आहे, पण हे अजून फारसं कुणाला ठाऊक नाही. बाकीच्यांसाठी मी परळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढणारी दर्शना, आणि घरी शेवंतीबाईंची सून. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने जेवत आणि दुसऱ्याने मोबाइलवर टाईप करत मी गोष्टी लिहिते. भाजीचे डाग पडतात, पण त्याला इलाज नाही.

गेल्या फेब्रुवारीत एक गोष्ट अशी काही जमली की मला स्वतःचाच हेवा वाटला. जन्मभर भांडलेल्या सासू-सुना. सासू मरायला टेकते तेव्हा सुनेला जवळ बोलावते आणि घराण्याच्या मालवणी मसाल्याचं प्रमाण तिच्या कानात सांगते. कल्पना माझी नव्हती. आमच्या सासूबाईंना त्यांच्या सासूने देवगडला मरताना असंच कानात सांगितलं होतं, ही हकिगत लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात मी ऐकत आलेय. मी फक्त शब्द घातले.

घरचं खरं प्रमाण मात्र लिहिण्याची माझी काय बिशाद! म्हणून ते मनानेच ठोकून दिलं. 'एक किलो मिरचीला पाव किलो बडीशेप.' एवढी बडीशेप घातली तर मसाल्याची मुखशुद्धी होईल, हे मलाही कळतं. पण 'मूठभर' लिहिलं की वाक्य बसकण मारत होतं आणि 'पाव किलो' लिहिलं की ऐटीत उभं राहत होतं. मी वाक्याची बाजू घेतली.

गोष्ट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठे कुठे भटकली देव जाणे, पण वाटेत माझं नाव गळून पडलं. आठवड्याने माझ्याच दिराने, निलेशने, मला ती पाठवली. वर 'अवश्य वाचा, डोळ्यांत पाणी येईल', खाली 'लेखक अज्ञात'. मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला की मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

एप्रिलमध्ये मी आणि सासूबाई मसाला कुटायला लालबागला डंकावर गेलो. तिथे आपला मसाला कुटून होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही, नाहीतर आपल्या डब्यात दुसरीच्या मिरच्या यायच्या. त्यामुळे बायका नाकाला पदर लावून नंबराने बसतात आणि ठसक्यांच्या मधल्या वेळात गप्पा मारतात. आमच्या पुढे शीव कोळीवाड्याच्या सरोजिनीबाई होत्या, पाच किलो मिरच्या घेऊन. मागे भोईवाड्याची अक्षता, नवी नवरी.

"एवढा कसला मसाला, मावशी?" अक्षताने विचारलं.

"मालवणी. पोराची हळद आहे. आमचा कोळी मसाला काय, दरवर्षी असतोच. यंदा म्हटलं, त्या व्हॉट्सॲपवरच्या गोष्टीतला करू. ती सासू मरते ती गं! रडून रडून अर्धी झाले मी."

"अय्या, मी पण वाचली! मी पण तेच प्रमाण आणलंय!"

"मी वीस जणींक पाठवलंय ती," आमच्या सासूबाई म्हणाल्या. "अगदी माझ्या सासूसारखी होती गो."

मला डंकावर उभं राहून नाचावंसं वाटलं. कोळीवाड्याची बाई स्वतःचा मसाला सोडून माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवते! याहून मोठा पुरस्कार असेल तर मला माहीत नाही. तेवढ्यात सरोजिनीबाईंनी दुसरी पिशवी उघडली. आत चांगली सव्वा किलो बडीशेप होती.

"चला मावशी, ओता," डंकवाला हेमचंद्र म्हणाला.

गप्प बसले तर गोष्टीची शान राहणार आणि हळदीला आलेला अख्खा कोळीवाडा माशाचं गोड कालवण जेवणार. बोलले तर आयुष्यात पहिल्यांदा लेखिका म्हणून नाव सांगणार, तेही खोटारडी म्हणून. शिवाय सासूबाई शेजारीच बसलेल्या. सरोजिनीबाईंनी पिशवी उचलली.

"थांबा!" मी ओरडले आणि शिंकले. "ते प्रमाण... आक्छी... खोटं आहे!"

"तुला गं काय माहीत?"

"मीच... आक्छी... मीच लिहिलीय ती गोष्ट!"

हेमचंद्रने डंक बंद केला. आता पाच किलो मिरच्या माझ्या डोक्यावर पडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"तू लिहिलीस?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "मग सांग बघू, सासू मरते तेव्हा तो मेला नवरा कुठे असतो?"

"आणि ती सून पुढे कुणाला सांगते प्रमाण?" अक्षता सरकून जवळ आली.

बडीशेपेचं कुणी नावच काढेना! नवरा डॉक्टरला आणायला गेला होता, मी म्हणाले. सुनेला पुढे मुलगी होते, ती मसाल्याला हातही लावत नाही. सुचेल ते सांगत सुटले. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि उभ्या जन्मात मी इतकी खूश झाले नव्हते.

"म्हणजे गोष्टीत तू माका मारलंस?" शेजारून सासूबाईंचा आवाज आला.

"आई, ती तुम्ही नाही हो..."

"माझो आंबाडो, माझी तपकीर, माझो खोकलो. आणि मी नाय?" त्यांनी कपाळावर हात मारला. "स्वतःच्याच मरणाक रडलंय मी! वीस जणींक पाठवून रडलंय!"

सगळ्या बायकांना हसू फुटलं. हसताना ठसका, ठसक्यात शिंका. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, सरोजिनीबाईंच्या पिशवीत हात घातला आणि मोजून पाच मुठी बडीशेप मिरच्यांवर टाकली. "इतकीच. बाकीची जेवणानंतर खावा," म्हणाल्या. मग अक्षताच्या पिशवीतून एक मूठ काढून दिली.

मी थक्क झाले. घराण्याचं प्रमाण, भर लालबागमध्ये! "आई, अहो, तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला कानात..."

डंक पुन्हा धडधडायला लागेपर्यंत त्या थांबल्या. मग मला ओढून माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तिना कायएक सांगल्यान नाय. पाणी मागल्यान, तेवढाच. लोक विचारूक लागले, माका लाज वाटली. म्हटलंय, कानात सांगल्यान. प्रमाण माझा मीच जुळवलंय, तीन उन्हाळे."

त्या मागे सरकल्या आणि पदराने नाक पुसलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात गोष्टी रचणारी मी एकटीच. मला हसू येत होतं आणि त्यांना मिठीही मारायची होती, म्हणून मी दोन्ही केलं. "सोड गो, मिरचीचे हात," त्या म्हणाल्या, पण सुटायची घाई त्यांनाही नव्हती.

मग त्यांनी कमरेचा मोबाइल काढला, चष्मा लावला आणि एका बोटाने, आमचा मसाला कुटून होईपर्यंत, टाईप करत बसल्या. आधी ज्या वीस जणींना गोष्ट पाठवली होती, त्या सगळ्यांना एक निरोप गेला. माझ्याही फोनवर आला.

'बडीशेप पाव किलो घालू नये. सासू जिवंत आहे. लेखिका दर्शना, माझी सून.'