इथं पाणी कोण सोडतं

"मोठा पाना दे," डोणीवर ओणवे होऊन हे म्हणाले.

मी पिशवीत हात घालून, न बघताच दिला. चाळीस वर्षं नळ दुरुस्त करणाऱ्याची बायको मी. पाने मला वजनावरून कळतात.

"एवढ्या गारठ्यात हा काय उद्योग काढलात?"

"वाया चाललंय गं सगळं. बघवत नाही."

आमच्या लाकडी खोलीच्या मागे डोंगरावरून एक लोखंडी पाइप येतो. त्यातून मनगटाएवढी धार दगडी डोणीत पडते, डोणी भरते आणि उरलेलं पाणी उताराने निघून जातं. दिवसरात्र, कुणी भांडं लावो न लावो. आम्ही आलो त्याला सव्वीस दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत या माणसाला धड झोप नव्हती. अंथरुणात उठून बसायचे आणि म्हणायचे, ऐक, अजून चालूच आहे.

जित्याची खोड. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली, अंधारात, उताणं पडून यांनी पाणी बंद केलं होतं. एकदा खालच्या विश्रामगृहाचा पंप दुरुस्त करायला आले, तेव्हा ही खोली बघितली आणि वेड लागल्यासारखे परतले. पुढची अकरा वर्षं आमच्या ताटात भाजी कमी आणि डोंगर जास्त.

पण घर माझं होतं. बाजारामागच्या गल्लीतलं, माझ्या वडिलांचं. हे तिथे घरजावई म्हणून आले आणि शेवटपर्यंत भिंतीत खिळा ठोकायचा तरी मला विचारून ठोकत राहिले. खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत. साऱ्या गल्लीचे नळ यांच्या हातचे, पण आमच्याच मोरीतला ठिबकायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. त्याच्याखाली एक पातेलं ठेवलेलं असे. त्याच घरात मी जन्मले, तिथेच माझी आई गेली, तिथेच माझी मुलगी चालायला शिकली.

त्या घराच्या विक्रीचे कागद माझ्या पिशवीत होते, फक्त सही व्हायची होती. एक महिना राहून बघते, पटलं तर सही, नाही तर घरी, असं मी यांना बजावलं होतं. आणि खरं सांगते, मला पटलं नव्हतं. गुडघे धरले होते. मुलीशी बोलायचं तर फोन घेऊन टेकाड चढावं लागे. आणि समोरचं ते बर्फाचं शिखर इतकं मोठं होतं की मी त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरायची. मला त्याची चक्क भीती वाटायची.

यांनी नळ बसवला, चावी फिरवली. धार थांबली. तेवढ्यात शेळ्या घेऊन खालची मावशी आली. या डोंगरात आमची शेजारीण म्हणाल तर ती एकटीच. ती नळाकडे बघत उभी राहिली.

"दादा, हे बंद नका करू. थंडी वाढलीय."

"मावशी, चाळीस वर्षं हेच केलंय मी."

"ते खाली केलंत," ती म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली.

त्या रात्री हे घोरले. सकाळी उठलो तर बाहेर चिडीचूप. पाइप हातभर उभा चिरला होता आणि चिरेतून बर्फ बाहेर आला होता. नळ तर दगड झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "चला, घरी," हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. याहून चांगली संधी मला मिळणार नव्हती.

पण हे पायरीवर बसले होते, पाना मांडीवर ठेवून. "मला काही येत नाही गं," म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"उठा," मी म्हटलं. "वरून कुठून येतं ते तरी बघू. तिथं काही बिघडलं नाही ना?"

पाइप धरून आम्ही चढत गेलो. माझे गुडघे, त्यांचा दमा. दहा पावलं की थांबायचं. तासाभराने पाइप संपला. समोर काळा कडा सरळ आभाळात गेलेला, आणि त्याच्या पायथ्याला मुठीएवढी फट. त्या फटीतून पाणी येत होतं. आवाज न करता, एका लयीत. खाली आम्ही तोंड बांधलेलं, म्हणून ते पाइपच्या बाजूने ओसंडून शेवाळावरून दुसरीकडे निघालं होतं. त्याला काही फरक पडला नव्हता.

हे बघतच राहिले. मग चपला काढल्या, गुडघ्यावर बसले आणि फटीत हात घातला.

"इथं पाणी कोण सोडतं?" त्यांनी विचारलं.

मी हसणार होते. गावात कुणीतरी कॉक उघडतं तेव्हा पाणी येतं, यांचं सगळं आयुष्य त्या कॉकच्या अलीकडे गेलेलं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि मला हसता येईना.

मी वर बघितलं. कड्याच्या वर ते शिखर, उन्हात पेटलेलं. एवढा बर्फ, एवढा दगड, आणि त्यातून हे एवढंसं पाणी कुणासाठीही न थांबता इतके दिवस आमच्या डोणीपर्यंत येत होतं. भीती होतीच, पण आता पाठ फिरवावीशी वाटेना. मी पण चपला काढल्या.

दुपारी ऊन चढल्यावर पाइपमधला बर्फ सुटला. यांनी चिरलेला तुकडा कापला, नळ काढला, नुसता सांधा जोडला. धार पुन्हा डोणीत पडायला लागली. मी पिशवीतून कागद काढले.

"पेन आहे का?"

त्यांनी कानावरची पेन्सिल पुढे केली.

"हिनं नाही चालत हो."

यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "तुझं घर आहे," म्हणाले. "नीट विचार कर."

"केला. मोरीतलं पातेलं एव्हाना वाहत असेल. आता ज्याचं घर तो ओतेल."

पेन कपड्यांच्या घडीत सापडलं. पायरीवर बसून मी सही केली. वडिलांचं नाव माझ्या नावाशेजारी छापलेलं होतं, तिथे हात जरा अडखळला.

तोवर हे धारेखाली हात धूत होते. मळ निघेपर्यंत नीट धुतले, झटकले. मग त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि जिथे नळ होता तिथे, हवेतच, घट्ट आवळून फिरला. तसाच क्षणभर थांबला. त्यांनी हळूच मागे वळून बघितलं, मी पाहिलं का ते.

मी शिखराकडे बघत होते.